आभासी वास्तवाचा खेळ : मोल आणि किंमत

करमणुकीच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होत आला आहे. नवे यंत्र बाजारात येते, त्याचा गाजावाजा होतो, धनिकांच्या दिवाणखान्यात ते विराजमान होते. आणि मग बेताच्या मिळकतीचा संसारी मनुष्य विचारू लागतो, की हे मला परवडेल काय, आणि परवडले तरी घेण्याजोगे आहे काय? हे प्रश्न एका दमात विचारले जात असले तरी ते एक नव्हेत. किंमत दुकानदार सांगतो. मोल ज्याचे त्याला ठरवावे लागते. ग्रामोफोन, रेडिओ, दूरचित्रवाणी या साऱ्यांना या कसोटीतून जावे लागले. ज्या यंत्राची ही कसोटी अद्याप संपलेली नाही, त्या आभासी वास्तवाच्या खेळांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आभासी वास्तव म्हणजे काय, हे ज्या श्रोत्यांनी ते यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोळ्यांवर घट्ट बांधावयाचा एक डबा असतो. त्याला हेडसेट म्हणतात. आत दोन भिंगे आणि त्यांच्यामागे लहानसा पडदा. प्रत्येक डोळ्याला किंचित निराळे चित्र दाखविले जाते, आणि मेंदू त्या दोहोंचा मेळ घालून खोली असलेले एक दृश्य उभे करतो. मान वळविली की यंत्राला ते कळते आणि चित्रही तितकेच वळते. त्यामुळे आपण चित्र पाहत नसून चित्रातच उभे आहोत असे वाटते. हातांत दोन दांडे असतात. त्यांच्या योगाने तलवार उपसता येते, चेंडू मारता येतो, दार उघडता येते. युक्ती एवढीच आहे. परंतु ही युक्ती मानवाला आजच सुचली असे कोणी समजू नये.

रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली एका कल्पनेचे पेटंट घेतले. वर्तुळाकार भिंतीवर आतून सलग चित्र रंगवावयाचे, वरची आणि खालची कड झाकून टाकावयाची, आणि प्रेक्षकाला मधोमध उभे करावयाचे. एडिंबरो शहराचा देखावा त्याने प्रथम असा रंगविला. १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्याने यासाठी खास गोल इमारत उघडली, आणि ती त्याच्यामागे कित्येक वर्षे, १८६३ पर्यंत चालली. याच धर्तीचे एक प्रदर्शन आपल्या इतिहासाशी संबंधित आहे. श्रीरंगपट्टण मे १७९९ मध्ये पडले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर याने त्या हल्ल्याचे शंभर फुटांहून लांब असे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनकरांपुढे मांडले, आणि टिपूचा पाडाव पाहण्यासाठी तेथे गर्दी लोटली. ज्यांनी आयुष्यात कावेरी पाहिली नव्हती, त्यांना आपण तटाखाली उभे आहोत असे वाटले. पराभूतांच्या बाजूने तो देखावा कसा दिसला असता, हे विचारण्याची त्या प्रेक्षकांना गरज भासली नसावी. पण तो विषय निराळा.

आपल्या विषयाला उपयोगी पडते ती गोष्ट अशी, की या मायेची सारी किंमत मालकाने सोसली आणि प्रेक्षकाने फक्त तिकिटापुरते पैसे दिले. गोल इमारत कोणी आपल्या घरात बांधली नाही.

घरात शिरली ती दुसरीच वस्तू. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे दोन डोळ्यांच्या दृष्टीविषयी निबंध वाचला, आणि आरशांच्या साहाय्याने दोन रेखाचित्रांतून एक घनाकृती कशी दिसते ते दाखविले. त्या यंत्राला त्याने स्टिरिओस्कोप हे नाव दिले. लक्षात घ्यावे, की छायाचित्रणाची कला तेव्हा लोकांपुढे यावयाची होती. ती पुढच्या वर्षी आली. डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९ च्या सुमारास आरसे काढून भिंगे बसविली आणि यंत्र हातात धरण्याजोगे केले. पॅरिसच्या द्युबोस्क नावाच्या कारागिराने ते तयार केले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ते व्हिक्टोरिया राणीच्या नजरेस पडले, तिला आवडले, आणि मग मागणीला अंत राहिला नाही.

परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने खरा उपकारकर्ता निराळाच. ऑलिव्हर वेंडेल होम्स हा बोस्टनचा डॉक्टर आणि निबंधकार. त्याने १८६१ च्या सुमारास एक साधा, हलका, उघडा स्टिरिओस्कोप तयार केला: पुढे दोन भिंगे, मागे चित्र अडकविण्याची पट्टी, खाली मूठ. त्याचे पेटंट त्याने मुद्दामच घेतले नाही. ज्याला हवे त्याने करावे आणि विकावे. परिणाम असा झाला, की यंत्र स्वस्त झाले, अमेरिकेतील मध्यम स्थितीच्या घरांतून ते पोहोचले, आणि चित्रांच्या जोड्या विकणे हाच एक मोठा धंदा होऊन बसला. अंडरवुड आणि अंडरवुड या कंपनीचे विक्रेते, त्यांत बरेचसे महाविद्यालयीन विद्यार्थी असत, दारोदार हिंडून जगाच्या सफरी विकीत. जेम्स रिकल्टन याने हिंदुस्थानात काढलेल्या शंभर चित्रांचा असाच एक संच होता, सोबत नकाशे आणि माहितीचे पुस्तक. कॅन्सासमधील शेतकरी आरामखुर्चीत बसून काशीचे घाट पाहत असे. आजच्या जाहिरातदारांनी आभासी पर्यटनाविषयी जे जे सांगितले आहे, ते ते सारे त्या विक्रेत्यांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी उंबरठ्यावर उभे राहून सांगितले होते.

यानंतरचा प्रसंग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. एडिसनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या किनेटोस्कोप या यंत्राचे पहिले दालन न्यूयॉर्क येथे १४ एप्रिल १८९४ रोजी उघडले. एका लाकडी पेटीत फितीची चित्रे धावत आणि वरच्या भोकाला डोळा लावून ती पाहावयाची. एका वेळी एकानेच. दहा यंत्रे दोन रांगांत मांडलेली, आणि एका रांगेतील पाच यंत्रांत डोकावण्यासाठी २५ सेंट. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चित्रे पडद्यावर पाडून दाखविली. तेथून सहा महिन्यांच्या आतबाहेर, ७ जुलै १८९६ रोजी, तीच चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली. प्रवेशमूल्य एक रुपया. मजुराला तो रुपया मिळविण्यास कित्येक दिवस राबावे लागे. अर्थात तो खेळ त्याच्यासाठी नव्हताच. पण आठवड्याभरात चित्रे नॉव्हेल्टी थिएटरात गेली, आणि तेथे दर लागले ते चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. रुपयाचे चार आणे झाले ते यंत्र स्वस्त झाले म्हणून नव्हे. यंत्र तेच होते. त्यापुढे बसणारी माणसे वाढली, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च उतरला. किनेटोस्कोपला हे साधणे शक्यच नव्हते; दहा प्रेक्षक हवे तर दहा पेट्या हव्यात. थोड्याच वर्षांत त्या पेट्या मागे पडल्या.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले, तेही याच सूत्राने चालले. काचांवर हाताने रंगविलेली पौराणिक कथांची चित्रे, एकाहून अधिक दिव्यांच्या साहाय्याने भराभर बदलून पडद्यावरील पात्रे हलती-चालती केलेली. नाव मायावी शंबरासुरावरून घेतलेले. पटवर्धन पितापुत्रांनी आपले सामान घेऊन गावोगाव खेळ केले. एक संच, आणि त्यापुढे सारा गाव.

विसाव्या शतकात आभासी वास्तवाची जी खटपट झाली तिच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. ही खटपट पुन्हा त्या भोकाच्या पेटीकडे वळली. मॉर्टन हायलिग या अमेरिकन चलच्चित्रकाराने सेन्सोरामा नावाचे यंत्र केले आणि १९६२ साली त्याचे पेटंट मिळविले. खुर्चीवर बसून तोंड खोपटात घालावयाचे. मग मोटारसायकलवरून शहरात फिरल्याचा अनुभव येई, खुर्ची थरथरे, वारा लागे, वासही येत. यंत्र अद्भुत होते. त्यात भांडवल घालणारा मात्र कोणी पुढे आला नाही. १९६८ साली आयव्हन सदरलंड याने संगणकाला जोडलेले पहिले शिरस्त्राण दाखविले. ते इतके जड की छतापासून टांगावे लागे, आणि दिसत ती केवळ रेषांची घनाकृती. तथापि मान वळविली की दृश्य वळते ही मुख्य किमया त्यात साधली होती. पुढे जेरन लॅनियर याच्या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात हातमोजे आणि डोळ्यांचे यंत्र विकावयास काढले, आणि ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’ हा शब्दप्रयोग रूढ केला. नुसत्या डोळ्यांच्या यंत्राची किंमत ९,४०० डॉलर. संगणकाचा खर्च निराळा. सामान्य खेळाडूने त्याच्याकडे दुरूनच पाहावे हे उघड होते.

सामान्यांपर्यंत पोहोचण्याचा पहिला खरा प्रयत्न १९९१ साली इंग्लंडमधील लेस्टर येथून झाला. जोनाथन वॉल्डर्न याच्या कंपनीने व्हर्च्युअॅलिटी नावाची यंत्रे खेळांच्या दालनांसाठी बाजारात आणली. दालनाच्या मालकाने मोठी रक्कम गुंतवावयाची, गिऱ्हाइकाने काही मिनिटांच्या खेळासाठी पैसे मोजावयाचे. ही पद्धत जुनीच आणि शहाणपणाची. मात्र चित्रे ओबडधोबड होती, डबा जड होता, आणि एकदा खेळून गेलेल्या माणसाने परत यावे असे त्यात फारसे काही नव्हते. नवलाई ओसरली तसे दालनही ओसरले.

जपानी कंपन्यांनी तेव्हाच दुसरा मार्ग धरला: यंत्र इतके स्वस्त करावयाचे की ते घरोघरी जावे. सेगा कंपनीने १९९३ साली २०० डॉलरला हेडसेट देण्याची घोषणा केली आणि पुढल्या वर्षी तो बेत सोडून दिला. निंटेंडोने मात्र तो तडीस नेला, आणि त्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तिचा नायक गुनपेई योकोई. त्याचे सूत्र असे, की जे तंत्र जुने आणि स्वस्त झाले आहे त्याचाच नवा उपयोग शोधावा. १९८९ सालचा गेम बॉय हा त्याचा पराक्रम: रंग नाहीत, पडदा मंद, पण किंमत आवाक्यात, बॅटरी पुष्कळ टिकणारी, खिशात मावणारा. तो आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच योकोईने तेच सूत्र आभासी वास्तवाला लावले. १९९५ साली ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. अमेरिकेत किंमत १७९ डॉलर ९५ सेंट. निरनिराळ्या रंगांचे दिवे महाग, म्हणून केवळ तांबडे घेतले. काळ्यावर तांबडे एवढेच चित्र. मान वळविल्याचे यंत्राला कळत नसे. ते डोक्यावर बांधताही येत नसे. टेबलावर दोन पायांच्या घोडीवर ठेवून त्यात वाकून पाहावे लागे. सात वर्षांखालील मुलांनी वापरू नये अशी सूचना सोबत असे, आणि मोठ्यांची मान व डोळे दुखत. जेमतेम २२ खेळ निघाले, सुमारे ७ लाख ७० हजार नग खपले, आणि वर्ष होण्याच्या आत कंपनीने गाशा गुंडाळला.

योकोईचे सूत्र चुकले नव्हते असे माझे मत आहे. गेम बॉयमधून काटछाट केली तरी खेळ शिल्लक राहिला. चौकोनी ठोकळे रंगीत असोत वा राखी, रचण्यातील गंमत तीच. आभासी वास्तवातून काटछाट केली की तो आभासच नाहीसा होतो, आणि तो गेला म्हणजे मागे उरते ती केवळ गैरसोय. म्हणून या खेळाला स्वस्ताईची एक खालची मर्यादा आहे, आणि १९९५ साली ती मर्यादा घरगुती किमतीच्या कितीतरी वर होती.

ती खाली आणली मोबाइल फोनने. कोट्यवधी फोन बनू लागले तेव्हा लहान, स्वच्छ पडदे आणि हालचाल ओळखणारे बारीक भाग कवडीमोलाने मिळू लागले. ते जुळवून पामर लकी या १९ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने हेडसेट केला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये लोकांकडे वर्गणी मागितली: अडीच लाख डॉलर. मिळाले २४ लाखांहून अधिक. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती ऑक्युलस कंपनी २ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. २०१६ हे वर्ष मग या खेळाचे सुवर्णवर्ष ठरणार म्हणून गाजले. मार्चमध्ये ऑक्युलस रिफ्ट आला, ५९९ डॉलर. एप्रिलमध्ये व्हाइव्ह, ७९९ डॉलर. ऑक्टोबरात सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर, ३९९ डॉलर. पहिल्या दोहोंना वेगळा शक्तिमान संगणक लागे, त्याला सुमारे हजार डॉलर. तिसऱ्याला प्लेस्टेशन लागे.

यांतील सोनीचे आकडे विचार करण्यासारखे आहेत. २०१९ च्या अखेरीस जगात प्लेस्टेशन ४ ची विक्री १० कोटी ६० लाखांवर गेली होती, आणि त्याला जोडावयाचे हेडसेट खपले होते ५० लाखांच्या पुढे. म्हणजे ज्यांच्या घरी यंत्र आधीच होते, ज्यांना खेळाचा षोक होता, त्यांच्यापैकीही विसांतील एकानेच हा जास्तीचा खर्च केला. संगणकावर खेळणाऱ्यांच्या स्टीम या मोठ्या बाजारपेठेतही हेडसेट असलेल्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे शंभरांत दोनच्या आसपास रेंगाळले. या एकोणीस जणांना किंवा अठ्ठ्याण्णव जणांना कळत नव्हते असे म्हणण्याचा मोह उत्पादकांना होतो. मला तो मोह होत नाही. आपल्या पैशाने खेळणाऱ्याला हिशेब चांगला कळतो.

तो हिशेब मांडून पाहू. सरकारी दप्तरात खर्चाचे दोन रकाने असतात, भांडवली आणि आवर्ती. आणि यंत्र घेताना पहिल्याच रकान्याकडे पाहून मंजुरी मागणारे लोक प्रत्येक खात्यात आढळतात. हेडसेटची छापील किंमत हा पहिला रकाना. दुसऱ्यात खेळांची किंमत येते, आणि घसारा येतो. घसाऱ्याचे उदाहरण घ्या. मे २०१९ मध्ये क्वेस्ट नावाचा, संगणक न लागणारा हेडसेट ३९९ डॉलरला निघाला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढे त्यात नव्या सोयी येणार नाहीत. पावणेचार वर्षे झाली नव्हती. सोनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरा हेडसेट काढला. त्याची किंमत ५४९ डॉलर ९९ सेंट, म्हणजे ज्या प्लेस्टेशन ५ ला तो जोडावयाचा त्याच्याहूनही अधिक. आणि पहिल्या हेडसेटसाठी विकत घेतलेले खेळ त्यावर चालत नव्हते. मार्च २०२५ मध्ये त्याची किंमत दीडशे डॉलरने उतरविण्यात आली. ज्यांनी पहिल्या दिवशी रांग लावली त्यांनी त्या दीडशे डॉलरांचे काय घेतले, हे त्यांनाच विचारावे. होम्सच्या स्टिरिओस्कोपमध्ये आजही शंभर वर्षांपूर्वीचे चित्र घातले तर ते दिसते.

किंमत कृत्रिम रीतीने कमी ठेवण्याचाही प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये क्वेस्ट २ अवघ्या २९९ डॉलरला मिळू लागला, आणि आजवर कोणत्याही हेडसेटला लाभला नव्हता एवढा खप त्याला लाभला. ऑगस्ट २०२२ मध्ये तोच १०० डॉलरने महागला. या स्वस्ताईचा भार कोठे पडला ते कंपनीच्या ताळेबंदात दिसते: हा व्यवसाय पाहणाऱ्या विभागाचा तोटा २०२२ साली १३.७ अब्ज डॉलर, २०२३ साली १६.१ अब्ज आणि २०२४ साली १७.७ अब्ज. एवढे पाणी कोणी आंधळेपणाने ओतीत नसतो. प्रारंभी तो हेडसेट फेसबुकचे खाते उघडल्यावाचून चालतच नसे. ही अट ऑगस्ट २०२२ मध्ये काढली गेली. आपण कोठे पाहतो, किती वेळ पाहतो, खोलीत किती जागा आहे, हे ज्या यंत्राला कळावेच लागते, ते यंत्र जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीच्या हाती असताना खेळाडू आणखी काय मोजतो आहे, याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

शरीराचाही एक खर्च आहे. डोळे सांगतात की आपण धावतो आहोत. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण उभे आहोत. या विसंवादाने पुष्कळांना मळमळते, घाटातल्या एसटीत मळमळते तसेच. मान वळविणे आणि चित्र बदलणे यांत एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक अंतर पडू नये, अशी अभियंत्यांची धडपड असते. नवी यंत्रे ते साधतात, म्हणून त्रास पूर्वीहून कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही. शिवाय हात पसरावयास मोकळी जागा हवी. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, जेथे दिवाण, टेबल आणि शिलाई यंत्र यांतून वाट काढावी लागते, तेथे आंधळेपणाने तलवार फिरविणारा मुलगा घरातील काय काय फोडील हे आईला सांगावे लागत नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की वक्त्याला या खेळात काही चांगले दिसतच नाही. तसे नाही. मार्च २०२० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ : अॅलिक्स’ हा खेळ काढला. त्यात फडताळ उघडून आतील वस्तू एकेक बाजूला सारीत हवे ते शोधावे लागते, वाकून आडोशाला बसावे लागते, आणि या साध्या क्रियांना जी गोडी येते ती सपाट पडद्यावर कोणत्याही उपायाने येत नाही. २०१८ साली एका झेक कंपनीने केलेला ‘बीट सेबर’ हा खेळ तर शुद्ध तालाचा आहे. गाण्याच्या ठेक्यावर अंगावर येणारे ठोकळे दोन हातांतील पट्ट्यांनी कापावयाचे. अर्ध्या तासात घाम फुटतो, आणि व्यायामाचा कंटाळा असलेल्या कित्येकांनी तो नेमाने चालविला आहे. विमान चालविण्याचा किंवा शर्यतीच्या मोटारीचा ज्यांना नाद आहे, त्यांना बैठक मारून खेळता येते आणि मान वळवून पंखाकडे पाहता येते. त्यांचे समाधान मी स्वतः पाहिले आहे. अशा एका खेळात जो रोज रमेल त्याच्या बाबतीत हिशेब उलटतो. अडचण ही, की पहिल्या पंधरवड्याच्या उत्साहावरून हे ओळखता येत नाही.

हिंदुस्थानातील खेळाडूला तर हे सारे आणखी महाग पडले. व्हाइव्ह आपल्याकडे २०१७ साली अधिकृतपणे आला तेव्हा त्याची किंमत ९२,९९० रुपये होती, संगणक सोडून. त्याच वर्षी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्हिडिओ खेळांची यंत्रे २८ टक्क्यांच्या, सर्वांत वरच्या गटात पडली; १ जानेवारी २०१९ पासून ती १८ टक्क्यांवर आणण्यात आली. २०२४ च्या ऑक्टोबरात क्वेस्ट ३ एस अमेरिकेत २९९ डॉलरला निघाला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पंचवीस हजार रुपये, वाहतूक आणि जकात वगळून. पंचवीस हजारांत एक बरा मोबाइल फोन येतो, आणि तो घरातील पाच माणसे पाच कामांसाठी वापरतात. ज्या घरात वर्षाकाठी एकच मोठी खरेदी होते तेथे तुलना या दोहोंची असते. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या हेडसेटची नव्हे. परदेशी परीक्षकांचे लेख वाचून मत बनविणाऱ्या आपल्या तरुणांच्या ध्यानात हे बहुधा येत नाही.

होम्सचा मार्गही नव्याने चोखाळून झाला. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याचा एक डबा काढला: दोन भिंगे बसवावयाची आणि आत आपलाच फोन सरकवावयाचा. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. असे दीड कोटींहून अधिक डबे जगभर गेले. लोकांनी ते आठवडाभर पाहिले आणि माळ्यावर टाकले, आणि २०२१ साली कंपनीने विक्रीही थांबविली. २०२३ साली आपल्याकडे जिओने त्याच जातीचे जिओडाइव्ह १,२९९ रुपयांना आणले, क्रिकेटचे सामने मैदानात बसल्यासारखे पाहण्यासाठी. किंमत कोणालाही झेपणारी. परंतु सामना पाहताना शेजारच्याच्या पाठीवर थाप मारता येत नाही, की आतून येणारा चहाचा कप दिसत नाही. शिवाय डबा एकाच्याच डोळ्यांवर, आणि बाकीचे घर नेहमीच्या पडद्यासमोर.

राजधानीतील एका मॉलमध्ये मी हा खेळ प्रथम खेळलो तो तिकीट काढून. दहा मिनिटांत मी एक खोल दरी फळीवरून ओलांडली, आणि खरोखर सांगतो, पाय थरथरले. बाहेर आलो तेव्हा माझी कन्या हसून बेजार झालेली. तिने पाहिले होते ते एवढेच, की बाबा गुळगुळीत फरशीवर दोन्ही हात पसरून गोगलगाईच्या गतीने चालले आहेत. मग तिची पाळी आली. दोघांचे मिळून जे पैसे झाले ते एका सिनेमाच्या तिकिटांहून फार अधिक नव्हते. पुण्याच्या माझ्या भाच्याने या यंत्राविषयी सल्ला विचारला तेव्हा मी त्याला हेच सांगितले, की आधी अशा दालनात दहा वेळा जा, निरनिराळे खेळ खेळ, आणि अकराव्या वेळी जावेसे वाटले तर मला पुन्हा विचार. तो आतापर्यंत तीन वेळा जाऊन आला आहे.